कोवळा ७५४२, मुरलेला ७५४२ आणि पिकवलेला ७५७२ : फांगत्सुनच्या एका दुकानातले तीन चहा

आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की घशात जो गोडवा उतरतो तो ज्याला ठाऊक आहे, त्याला पु-अर चहातली निम्मी गोष्ट आधीच ठाऊक आहे. मागाहून येणाऱ्या या गोडव्याला चिनी लोक 'हुइगान' म्हणतात. हा चहा ज्या युनान प्रांतात होतो तिथे आवळा तिखटमीठ लावून खातात, आणि आवळ्याच्या एका चिनी नावाचा अर्थच मुळी 'मागे गोडवा उरणारं फळ' असा आहे. हे मला कळलं त्या दिवशी या चहाशी माझी ओळख खऱ्या अर्थानं झाली.

मी कोल्हापूरची. गेली अकरा वर्षं दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूत आहे. तयार कपड्यांचा माल निर्यात व्हायच्या आधी तपासून द्यायचं काम करते. वडील शाहू मार्केट यार्डात गुळाचे अडते होते. सौद्याच्या वेळी ते गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, रंग बघायचे, अंगठ्यानं दाबायचे, कोपरा फोडून कणी बघायचे आणि मग जिभेवर ठेवायचे. या क्रमात त्यांनी कधी बदल केला नाही. पु-अर चहा दाबून, चकती करून विकतात. पहिल्यांदा ती चकती हातात घेतली तेव्हा माझाही अंगठा आपोआप तिच्या कडेवर गेला. दुकानातल्या आयी ते बघत होत्या. मग त्यांनी आतून दुसरी चकती काढून आणली.

(इथे आईच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात. अर्थ मावशीचा आहे, पण मला हाक मारताना दर वेळी बरं वाटतं.)

फांगत्सुन हा ग्वांगझूतला चहाचा घाऊक बाजार. मेट्रोच्या एक नंबर लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे. गल्ल्यांमागून गल्ल्या नुसत्या चहाच्या. जुन्या पु-अरचे भाव चीनभर इथून ठरतात असं म्हटलं तरी चालेल. बहुतेक दुकानांत चकत्यांच्या थप्प्यांपुढे फोनवर भाव बोलणारी माणसं दिसतात. आयींचं दुकान आतल्या एका गल्लीत आहे, जेमतेम दहा बाय बारा फुटांचं. त्या याच प्रांताच्या पूर्वेकडच्या छाओशान भागातल्या. तिकडे घरात पाहुणे कितीही असोत, कप तीनच ठेवतात आणि पुन्हा पुन्हा धुऊन फिरवतात. त्यांच्या टेबलावरही तीनच कप आहेत. चव बघण्याचे पैसे त्या घेत नाहीत. मात्र घाई असेल त्याला बसवतही नाहीत.

चहाकडे वळण्याआधी थोडी ओळख. पु-अर युनानच्या मोठ्या पानाच्या जातीचा. आसामच्या चहाची जातही तीच. पानं कढईत परतून, चोळून उन्हात वाळवतात, मग वाफेवर मऊ करून दगडाखाली दाबतात. झाला कच्चा पु-अर, 'शंग'. तो पहिल्या वर्षी पिवळा आणि कडसर असतो आणि वर्षानुवर्षं ठेवला की मुरत जातो. दुसरा पिकवलेला, 'शौ'. मुरायला लागणारी पंधरा-वीस वर्षं वाचवायला १९७३ च्या सुमारास युनानची राजधानी खुनमिंग इथल्या कारखान्यात ही रीत बसवली गेली आणि लगेच त्याच प्रांतातल्या मंगहायलाही सुरू झाली. पानांचा साधारण मीटरभर उंच ढीग लावून त्यावर पाणी शिंपडायचं, कापडानं झाकायचं आणि अधूनमधून उलटायचं. आतली ऊब पन्नास-साठ अंशांवर जाते, बुरशी आणि जिवाणू आपलं काम करतात, आणि दीडदोन महिन्यांत पानं काळपट तपकिरी होतात. आपल्याकडे आंब्याची अढी लावतात त्याचा हा ओला भाऊ म्हणा.

आता नंबर. ७५४२ मधला ७५ म्हणजे ही मिसळ, म्हणजे निरनिराळ्या पानांचं ठरलेलं मिश्रण, ज्या वर्षी ठरली ते १९७५ साल, ४ ही पानांची प्रत आणि शेवटचा २ म्हणजे मंगहायचा कारखाना. तो १९४० सालचा, आणि आज त्याचा माल 'दायी' या नावानं येतो. नंबरातलं वर्ष मिसळीचं असतं, चकतीचं नसतं. नवखी माणसं इथेच फसतात: ७५४२ वाचून १९७५ चा चहा समजतात. चकती ३५७ ग्रॅमची, आणि अशा सात चकत्या बांबूच्या सोपटात बांधल्या की अडीच किलोला एक ग्रॅम कमी.

त्या रविवारी आयींनी तीन चकत्या मांडल्या: तीन वर्षांचा ७५४२, २००६ सालचा ७५४२ आणि २०१२ सालचा ७५७२. पहिले दोन कच्चे, तिसरा पिकवलेला. प्रत्येकाचे सात ग्रॅम वजन करून घेतले. झाकणाची चिनीमातीची वाटी, तिला 'गायवान' म्हणतात, ती एकशेदहा मिलीलिटरची. पाणी बाटलीतलं, खळखळ उकळलेलं.

कोवळ्यापासून सुरुवात केली. चकती फोडायला बारीक टोकाची सुरी असते. ती कडेनं आडवी घालून पान न तोडता पापुद्रा उचलायचा. नवी चकती घट्ट असते आणि जोर लावला की सुरी हातात शिरते. माझ्या डाव्या तळव्यावर त्याची खूण आहे. चकती कापडात धरा आणि सुरीचं टोक आपल्यापासून लांब ठेवा.

पहिलं पाणी तीन सेकंदांत ओतून दिलं. त्यानं पानं नुसती जागी होतात. दुसरं पाणी आयींनी पानांवर न सोडता वाटीच्या कडेनं फिरवत सोडलं आणि सहा सेकंदांत गाळून घेतलं. रंग वाळलेल्या गवताचा, स्वच्छ. वासात जर्दाळू होता, थोडा धूर, आणि पावसाआधी कापलेल्या ओल्या चाऱ्याची झाक. घोट घेतल्यावर आधी कडू लागलं, लगेच मागून तुरट. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत याचा इथे मला फार उपयोग होतो. कडूपणा जिभेच्या मुळाशी बसतो, तुरटपणा गालाच्या आतल्या बाजूला आणि हिरड्यांवर ओढ देतो. चांगल्या कोवळ्या शंगमध्ये कडूपणा कारल्याच्या भाजीसारखा खणखणीत असावा आणि लवकर जावा. तुरटपणा मात्र हिरडा चघळल्यासारखा चिकटून राहिला तर काहीतरी चुकलं आहे. या चकतीत कडूपणा दहा-बारा सेकंदांत गेला. तुरटपणा जिभेच्या कडांवर थोडा रेंगाळला. आणि मग आवळ्याचं पाणी. ते इतकं ठळक होतं की मी कप खाली ठेवून नुसती बसून राहिले.

चौथ्या पाण्याला मी मुद्दाम पंचवीस सेकंद दिले, चहा दडपणाखाली कसा वागतो ते बघायला. कपडे तपासताना आम्ही शिवण ओढून बघतो, तसंच. घोट घशाखाली जाईना इतका कडू झाला. आयींनी काही न बोलता तो ओतून दिला, पुढचं पाणी पाच सेकंदांत काढलं, आणि चहा परत गोड. नवा ७५४२ माणसाला वेळ सांभाळायला लावतो. रिकाम्या पोटी तो घेऊ नका. मला एकदा हात थरथरेपर्यंत त्रास झाला होता. जेवणानंतर तासाभरानं, सोबत दोन खारे शेंगदाणे असले की उत्तम. नवव्या पाण्यानंतर त्याच्यात गोडसर पाण्यापलीकडे फारसं उरलं नाही.

आता २००६ ची चकती.

तिचा कागद कडांना पिवळा पडला होता आणि चहाच्या तेलकट छटेचे डाग आतून बाहेर आले होते. आतली पानं गडद तपकिरी, मधूनच तांबूस कळ्या. कड अंगठ्यानं सहज सुटली. वर्षानुवर्षं ओलावा खाऊन चकती सैल होते. नाकाशी धरली तर वास जवळजवळ नाही. गरम केलेल्या कोरड्या वाटीत पानं टाकून आयींनी झाकण लावलं, तीनदा हलवून माझ्या हातात दिली आणि मी झाकण उचललं. कोल्हापुरातल्या आमच्या जुन्या घरी माळ्यावर एक सागवानी पेटी होती. आजीची पैठणी, तिच्यात टाकलेला कापूर, आणि दर दिवाळीला ती उघडली की बाहेर येणारी कोंडलेली हवा. तोच वास. या कापराच्या वासाला इथले लोक 'चांगश्यांग' म्हणतात आणि मुरलेल्या शंगमध्ये तो मुद्दाम शोधतात. हे मला नंतर कळलं. पेटी मला आधी आठवली.

जुन्या चहाला दोन धुणी द्यायची आणि दुसऱ्या धुण्यानंतर झाकण लावून मिनिटभर थांबायचं, म्हणजे वाफेनं पान आतपर्यंत ओलं होतं. या मिनिटाला कंटाळू नये. पहिलं पाणी दहा सेकंद. रंग जुन्या मधाचा, कडेला केशरी. घोट तोंडात घेतला तेव्हा कडूपणाची वाट बघत होते, तो आलाच नाही. चहा जाडसर आणि गुळगुळीत होता, तांदळाच्या पेजेवरचं पाणी असतं तसा. चौथ्या पाण्यापासून चिंचेची आठवण व्हायला लागली. नवी लालसर चिंच नव्हे. बरणीत मीठ लावून ठेवलेली, काळी झालेली जुनी चिंच, जी आई आमटीला जपून वापरायची. आंबटपणा त्यात नव्हता, ती खोली होती. सहाव्याला ज्येष्ठमध. आणि कडूपणा गेलेला नव्हता हे आठव्या पाण्याला कळलं, तो अगदी तळाशी होता. तीन वर्षांच्या चकतीतला तोच आवाज, आता दुसऱ्या खोलीतून येणारा. दोन्ही चहा एकाच दिवशी, एकाच पाण्यात प्यायले नसते तर तो मला ओळखू आला नसता. म्हणून माझा आग्रह आहे की मुरलेला चहा एकटा पिऊ नका. त्याच नंबरचा कोवळा आधी घ्या.

बाराव्या पाण्याला एक मिनिट दिलं. पंधराव्याला आयींनी वाटी बाजूला सारली, पानं छोट्या किटलीत टाकली आणि वीस मिनिटं मंद आचेवर उकळत ठेवली. तो शेवटचा कप खजुराच्या पाण्यासारखा गोड होता. त्यात साखरेचा कण नाही हे कोणाला पटणार नाही.

ही चकती त्यांच्याकडे कशी राहिली याची गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. २००६ आणि २००७ च्या सुरुवातीला पु-अरचे भाव वेड्यासारखे चढले होते. चहा न पिणाऱ्यांनीही घरं भरून चकत्या घेतल्या. २००७ च्या वसंतानंतर बाजार कोसळला. आयींनी चढ्या भावात पेट्या घेतल्या होत्या. एका पेटीत चौऱ्याऐंशी चकत्या. विकाव्यात तर निम्मे पैसेही येईनात, म्हणून त्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवून दिल्या आणि काही वर्षं त्या खोलीचं दारही उघडावंसं वाटलं नाही. त्यांच्या यजमानांनी त्या काळात दुसरीकडे नोकरी धरली. हे सांगताना त्या कप पुसत होत्या, स्वर जराही चढला नाही. आज मी ज्याला जुना चहा म्हणून पैसे मोजते, तो एका घराला त्या वेळी परवडला नव्हता. मला त्यानंतरचा घोट सावकाश घ्यावासा वाटला.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, भिंतीपासून हातभर लांब मांडण्या, जमिनीपासून वीतभर उंच फळ्या. ग्वांगझूत फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये 'हुइनानथ्यान' येतं: दक्षिणेची दमट हवा थंड भिंतींवर लागून फरशीला पाणी सुटतं, कपडे वाळत नाहीत. ज्यांनी कोकणात पावसाळा काढला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. त्या दिवसांत आयी खिडक्या गच्च बंद ठेवतात आणि ऊन पडलं की उघडतात. दमट हवेत चहा लवकर मुरतो, पण हात सुटला की बुरशी धरते. खुनमिंग जवळजवळ १९०० मीटर उंचीवर, कोरडं. तिथे तोच चहा सावकाश मुरतो आणि वीस वर्षांनीही धारदार राहतो. हाँगकाँगचे जुने व्यापारी चकत्या आधी दमट तळघरात ठेवायचे आणि मग कोरड्या जागी हलवायचे. त्याच हाँगकाँगमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आलेल्या ७५४२ च्या काही चकत्या कोरड्या जागी राहिल्या. त्या आज '८८ छिंग' नावानं ओळखल्या जातात आणि आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर आहेत. म्हणजे एकच मिसळ, एकच कारखाना, आणि जागेमुळे चहा निराळा. विकणारा वर्ष सांगेल, तेव्हा लगेच विचारा: कुठे ठेवला होता? आयींनी हे मी विचारायच्या आधी सांगितलं.

हे न विचारल्याचे पैसे मी पूर्वी मोजले आहेत. दुसऱ्या एका बाजारात 'तीस वर्षं जुना' म्हणून एक काळी चकती घेतली होती. रंग सुंदर होता. घरी पाणी ओतलं आणि पावसात भिजलेल्या गोणपाटाचा वास स्वयंपाकघरभर झाला. चौथ्या पाण्यालाही तो गेला नाही, घशात खवखव राहिली. ओला करून घाईघाईनं काळा केलेला चहा होता तो. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "फोडून बघितलास का आधी?" नव्हता बघितला.

७५७२ बद्दल थोडक्यात, कारण तो सोपा आहे आणि हे त्याचं कौतुक आहे. पिकवलेल्या नव्या चहाला ढिगाचा एक वास असतो, खारवलेल्या मासळीच्या जवळ जाणारा. तो उडायला काही वर्षं लागतात. २०१२ च्या या चकतीत तो अजिबात नव्हता. रंग गडद लाल, कपाचा तळ दिसत नाही. चव खारकेची, भाजलेल्या कोकोची, ओल्या लाकडाची. कितीही वेळ विसरलात तरी कडू होत नाही. ऑफिसला जाताना मी चार ग्रॅम थर्मासमध्ये टाकते, उकळतं पाणी ओतते आणि दुपारपर्यंत पिते. जड जेवणावर तो चांगला वाटतो. हाँगकाँगच्या डिमसमच्या, म्हणजे वाफवलेल्या छोट्या फराळाच्या, दुकानांत त्याचीच किटली समोर येते, हवी तर शेवंतीची फुलं घालून. आवळ्याचा गोडवा मात्र त्यात शोधू नका, तो जवळजवळ नाही. दूध घालून बघितला, एकदाच. बेचव झाला.

मी काय घेतलं ते सांगते. २००६ च्या अख्ख्या चकतीच्या पैशांत कोवळ्याच्या सहा-सात आल्या असत्या, म्हणून जुन्याचे पन्नास ग्रॅम सुटे घेतले. आयींनी कुरकुर न करता फोडून दिले, जे इथल्या प्रत्येक दुकानात होत नाही. कोवळ्याच्या दोन चकत्या आणि ७५७२ ची एक. आयींची एकच गोष्ट मला खटकली: सुट्या चहाच्या पुडीवर त्या साल लिहीत नाहीत. मी त्यांच्यासमोरच पेन घेऊन लिहिलं.

कोणी मला विचारलं की यातलं पहिलं काय घ्यावं, तर दुधाचा चहा सोडवत नसेल त्यानं ७५७२. कडू आवडत असेल, मेथीची भाजी मनापासून खाता येत असेल, त्यानं कोवळा ७५४२. मुरलेला विकत घेण्याआधी कोणाच्या तरी टेबलावर बसून प्या. आणि कोणताही घ्या, वाटी, गाळणी आणि वजनकाटा आधी घ्या. सात ग्रॅम डोळ्यांनी कळत नाहीत, मला अजून कळत नाहीत.

दोन कोवळ्या चकत्यांपैकी एक मागच्या मे महिन्यात कोल्हापूरला नेली. आईनं ती कांदालसूण मसाल्याच्या बरण्यांशेजारी ठेवली होती. हा चहा शेजारचा वास ओढून घेतो, म्हणून निघायच्या आधी ती वडिलांच्या खोलीतल्या लाकडी कपाटात, वरच्या कप्प्यात, त्यांच्या जुन्या हिशोबाच्या वह्यांवर ठेवली. वडिलांनी आधी कागद उघडला, रंग बघितला, कडेला अंगठा दाबला. मग एक पान तोडून जिभेवर ठेवलं, बराच वेळ चघळलं आणि म्हणाले, "अजून कच्चा आहे." कागदावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात तारीख घातली. दुसरी चकती इथे माझ्याकडे आहे, तीच तारीख घालून. पाच वर्षांनी दोन्हींचे सात-सात ग्रॅम एकाच दिवशी उकळत्या पाण्यात टाकायचे ठरले आहे.